हिरवा दिवा चालू होता

मी कमी बोलणारा माणूस आहे. आमच्याकडे अशा माणसाला सज्जन म्हणतात. लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांनी विचारलं होतं, "मुलगा बोलतो का?" आणि माझ्या मामांनी छाती फुगवून सांगितलं होतं, "कामापुरतं." तेवढ्यावर लग्न ठरलं. पन्नाशी येईपर्यंत ह्याच भांडवलावर माझं बरं चाललं. गप्प माणसाच्या पोटात काय आहे हे कुणी विचारत नाही. विचारलं आणि तो खरंच बोलायला लागला तर काय करायचं, ही भीती असते.

पोटातलं एक आज बाहेर काढतो. ते माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याबद्दल, म्हणजे दाजींबद्दल आहे, आणि एका फायरवॉलबद्दल आहे. दोघांचा संबंध यायचं काहीच कारण नव्हतं. तो मी आणला.

राहायला मी तळेगावला, घोरावाडी स्टेशनच्या जवळ. नवलाख उंब्र्याच्या एका कारखान्यात नेटवर्कचं काम बघतो आणि सुट्टीच्या दिवशी लोकल पकडून लोणावळ्याला जातो, तिथल्या दोन-तीन हॉटेलांची राउटर-वायफायची दुखणी काढायला. माणसं मुंबईहून दरी बघायला येतात, दरीकडे पाठ करून पलंगावर बसतात आणि रिसेप्शनला फोन करून सांगतात की रेंज एकच कांडी आहे. ती दुसरी कांडी मिळवून देणं हा माझा जोडधंदा.

ह्यातल्या एका हॉटेलचे मालक तिथल्या वायरलेस मंडळाचे अध्यक्ष. मंडळात बंगलेवाले, निवृत्त साहेब, एक दाताचे डॉक्टर आणि अध्यक्षांच्या हॉटेलातली निम्मी नोकरमंडळी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गर्दी इतकी होते की मोबाईल नुसते खिशात गरम होतात, फोन लागत नाही. अशा वेळी कुणी दरीत अडकलं, कुठे रस्ता बंद झाला, तर वायरलेस सेटवरून एकमेकांना कळवायचं. हेतू चांगला होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते विसरायला होईल. सरकारी परवाने वगैरे अध्यक्षांनी काढले होते; कसे, ते त्यांनाच माहीत. बाकीच्यांनी फक्त 'ओव्हर' म्हणायला शिकून घेतलं. डॉक्टर तर घरीसुद्धा जेवताना "मीठ, ओव्हर" म्हणत असं त्यांच्या मिसेसनी मला स्वतः सांगितलं. त्यांना वाटलं होतं हे राउटरमधून बंद करता येईल.

अडचण एकच होती, डोंगर. लोणावळ्यातून केलेलं बोलणं आंदर मावळात पोहोचायचं नाही. आणि अलीकडे गर्दी तर तिकडेच सरकायला लागली होती, कारण लोणावळ्याच्या धबधब्यावर उभं राहायला जागा नाही हे लोकांना रांगेत उभं राहून कळलं होतं. तेव्हा अध्यक्षांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "तुम्ही नेटवर्कवाले ना? मग डोंगर पार करून द्या."

डोंगर पार करायला गेटवे लागतो. गेटवे म्हणजे पुस्तकाएवढी पेटी. तिला एका बाजूने वायरलेस सेट जोडायचा, दुसऱ्या बाजूने इंटरनेट. सेटवर कुणी बोललं की पेटी तो आवाज इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या पेटीकडे पाठवते आणि ती पेटी तो तिथल्या हवेत सोडते. एक पेटी लोणावळ्यात, हॉटेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली बसवली. दुसरी आंदर मावळात बसवायची होती. तिथे इंटरनेटची वायर एका गावात दूध डेअरीपर्यंत आली होती. डेअरीला लागून घर होतं माझ्या बहिणीचं. आणि त्या घराच्या ओट्यावरून ओढ्यावरची फरशी दिसायची. फरशी म्हणजे बुटका, कठडा नसलेला पूल. पाणी वाढलं की पहिल्यांदा तोच बुडतो, आणि त्यावरूनच सगळ्या गाड्या धबधब्याकडे जातात.

"तुमचेच नातेवाईक? उत्तम!" अध्यक्ष म्हणाले. "विश्वासाचा माणूस मिळाला."

दाजी विश्वासाचे होतेच. प्रश्न त्यांच्या बोलण्याचा होता. भातशेती, दोन म्हशी, एक ट्रॅक्टर आणि ह्या सगळ्याहून मोठी मालमत्ता म्हणजे त्यांची जीभ. दाजी थापा मारत नाहीत. ते फक्त भर घालतात. पोटरीएवढं पाणी त्यांच्या तोंडून निघेपर्यंत गुडघ्याला लागतं आणि चौकात पोहोचेपर्यंत कमरेला. गाव हसतं, आणि दाजींनाही ते आवडतं. पण कामाचा निरोप दिला आणि तो पोहोचवला नाही, असं त्यांच्या बाबतीत कधी झालं नव्हतं. मयताचा असो, बैलाचा असो, निरोप दाजींकडे दिला की माणूस घरी जाऊन झोपायचा. गावात त्यांना मान होता तो तेवढ्यासाठी.

पेटी बसवायला गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः खाली बसले आणि विचारलं, "मेव्हणं, ह्यो डबा नक्की करतो काय?"

मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं ठरवलं. "दाजी, लोणावळ्याच्या हॉटेलच्या दारात फायरवॉल आहे. ती रिसेप्शनवरच्या बाईसारखी. बाहेरून जो येईल त्याला विचारते, बुकिंग आहे का? नसेल तर आत घेत नाही. तुमचा आवाज इथून निघेल, तिथे जाईल, आणि मी तिला आधीच सांगून ठेवलेलं असेल की ह्यांचं बुकिंग आहे."

"आन् त्यांचा आवाज हिकडं?"

"तुमच्याकडे ज्या कंपनीचं नेट आलंय ते असं आहे की बाहेरून कुणी थेट तुमच्या घरात येऊ शकत नाही. म्हणून इकडून आपणच तिकडे रस्ता उघडायचा आणि उघडाच ठेवायचा. त्याच रस्त्याने त्यांचं बोलणं परत येतं."

"म्हंजी चावी समदी तुमच्या त्या बाईकडं."

"हो."

"आन् त्या बाईची चावी तुमच्याकडं."

"हो."

"मग चिंता न्हाई," दाजी म्हणाले. "घरचाच मानूस हाय."

पेटीवरचा हिरवा दिवा लागला. दिवा हिरवा म्हणजे लोणावळ्याशी जोडलेलं. दाजींनी सेटचं बटण दाबलं, घसा साफ केला आणि अख्ख्या मंडळाला, "रामराम! आमी आंदर मावळातनं बोलतोय, पानी चालू हाय का तिकडं? ओव्हर," असं विचारलं. तिकडून टाळ्या ऐकू आल्या. बहिणीने पेटीला हळद-कुंकू लावलं. त्यातलं थोडं जाळीतून आत गेलं. मी काही बोललो नाही. खंडेनवमीला हत्यारांबरोबर तिची पूजा होणार हेही मला तेव्हाच दिसलं, आणि झालीच.

पहिला महिनाभर सगळे खूश होते. मग दाजी रुळले.

मंडळाचं बोलणं असं असायचं: "स्टेशन दोन, परिस्थिती सामान्य, ओव्हर." दाजींचं असं: "फरशीवर घोट्याएवढं पानी हाय, ओव्हर. चार पोरं मोटारसायकल घिऊन आल्याती, त्यांला मागं फिरिवलं, ओव्हर. त्यातला एक लय उलट बोलाय लागला, त्याला इचारलं बाबा तू कुटला, तर म्हनला पिंपरी, तर आमच्या आत्याबाईची नणंद तितंच दिलीय, ओव्हर."

एकदा अध्यक्षांनी विचारलं, "पाणी गुडघ्याएवढं म्हणजे नक्की किती?"

"गुडघ्याएवढं."

"अहो, पण कुणाच्या गुडघ्याएवढं?"

"माज्या. मीच उभा हाय की पान्यात. ओव्हर."

दाजी बुटके आहेत हे मंडळाला कुणी सांगायचं?

खरं भांडण लागलं ते शनिवार-रविवारी. त्या दोन दिवसांत हॉटेलं भरलेली, आणि अध्यक्षांनी चॅनल हॉटेलच्या कामालाही लावला होता. कुठली गाडी स्टेशनवर, कुठला पाहुणा आला, कोणाला चिक्कीची पाकिटं पोहोचवायची. आपत्तीचा चॅनल पाहुण्यांच्या चिक्कीला चालायचा, पण त्यात दाजींची म्हैस आली की नियम आठवायचे.

"तुमचे दाजी फार बोलतात," एका सोमवारी अध्यक्ष म्हणाले. "परवा पाहुण्यांसमोर सेटवर म्हशीची चौकशी चालली होती. रिसेप्शनवर उभा असलेला माणूस विचारतो, इथे गोठापण आहे का?"

"बघतो," मी म्हणालो.

आता बघायचं म्हणजे काय, तर तळेगावहून उठून बहिणीच्या घरी जायचं आणि दाजींना म्हणायचं, जरा कमी बोला. पण दाजींना असं म्हणायची आमच्यात रीत नाही. बहीण दिलेली असते. जावयासमोर आमचे वडील खाकरतसुद्धा नसत. मी वयाने मोठा असून त्यांना अहो-जाहो करतो, जेवताना त्यांच्या ताटात आधी वाढतात. अशा माणसाला तोंडावर गप्प बसा म्हणणं म्हणजे बहिणीच्या सासरी कायमचा विषय करून ठेवणं. आणि मी तर कामापुरतं बोलणारा. हे काम बोलण्याचं होतं, म्हणून मी ते केलंच नाही.

मी फायरवॉलला सांगितलं.

हॉटेलच्या मागच्या खोलीत बसून एक नियम लिहिला. शनिवार आणि रविवार, आंदर मावळातल्या पेटीकडून येणारा आवाज आत घेऊ नये. बाकी दिवस मोकळे. लोणावळ्याचं बोलणं तिकडे जाऊ द्यावं, म्हणजे दाजींना सेट बंद पडल्यासारखा वाटणार नाही. आणि जोडणीची खूण चालू ठेवावी, म्हणजे त्यांच्या पेटीवरचा हिरवा दिवा विझणार नाही. हे शेवटचं मुद्दाम सांगतो. तो दिवा आपोआप चालू राहिला नाही. तो राहावा म्हणून मी वेगळी मेहनत घेतली.

आणखी एक. फायरवॉलला कुणाला अडवायचं तर दोन पर्याय असतात. एकात ती समोरच्याला कळवते की तुला नकार आहे. दुसऱ्यात ती आलेलं गुपचूप गिळून टाकते आणि काहीच कळवत नाही. समोरचा बोलत राहतो. मी दुसरा निवडला. कुणी मला विचारलं असतं तर तांत्रिक कारण दिलं असतं, सुरक्षेच्या दृष्टीने तेच चांगलं मानतात. कुणी विचारलं नाही.

पुढच्या सोमवारी अध्यक्षांनी पाठ थोपटली. "वा! शांत गेला विकेंड. काय केलंत?"

"थोडं ट्युनिंग," मी म्हणालो.

त्यांनीही पुढे विचारलं नाही. आम्ही दोघेही कामापुरतं बोलणारे निघालो.

दाजींना काही कळलं का? त्यांनी एकदा फोनवर बहिणीकरवी विचारलं होतं, शनिवार-रविवारी उत्तर का येत नाही. मी सांगितलं, तिकडे त्या दिवशी गडबड असते. मागून दाजींचा आवाज आला, "व्हय की! मोठी मानसं, धंद्याचं दिवस. आपुन सांगायचं काम करायचं." आणि ते सांगत राहिले. पावसाळाभर, दर शनिवारी-रविवारी, ओट्यावर बसून, हिरव्या दिव्याकडे बघत.

मग तो रविवार आला. रात्रीपासून पाऊस धो धो कोसळत होता. सकाळी अध्यक्षांच्या हॉटेलातून पाहुण्यांची मिनीबस आंदर मावळात धबधबा बघायला निघाली. मंडळाची एक पद्धत पडून गेली होती: निघण्याआधी सेटवर विचारायचं, रस्ता कसा आहे, आणि कुणी काही बोललं नाही तर रस्ता मोकळा समजायचा. रिसेप्शनवरून विचारलं गेलं. कुणी काही बोललं नाही.

बस फरशीच्या मधोमध बंद पडली. पाणी पायऱ्यांवरून आत शिरलं, बस एका अंगाला कलली. दाजींनी ट्रॅक्टर काढला, गावातल्या माणसांनी दोर धरला आणि एकेका पाहुण्याला ओढून काढलं. कुणी वाहून गेलं नाही. बसच्या ड्रायव्हरचा हात दोन ठिकाणी मोडला. पाहुण्यांनी काठावर येऊन आधी व्हिडिओ काढले. त्यातला एक पुढे सगळीकडे फिरला. त्यात ट्रॅक्टर दिसतो, ट्रॅक्टरवरचा माणूस चौकटीबाहेर कापला गेलाय, आणि खाली हॉटेलचे आभार मानलेत.

मंडळाची बैठक हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. मागच्या भिंतीवर कुणाच्या तरी बारशाची फुगे लावलेली कमान तशीच होती. तिच्याखाली बसून अध्यक्ष म्हणाले, "फरशी ज्याच्या दारात आहे, त्याने एक शब्द कळवला नाही. माणसं मेली असती."

प्लॅस्टर घातलेला ड्रायव्हर तिथेच होता. तो म्हणाला, "एरवी म्हशीला शिंक आली तरी सांगतो हा माणूस. त्या दिवशी झोपला होता काय?"

दाजींना फोन लावून स्पीकरवर घेतलं. ते कळवळून सांगत होते, "आवो सायेब, सकाळधरनं मी वरडतोय की. फरशी बुडाली, गाड्या सोडू नगा म्हून. घसा बसला माजा. आमच्या मंडळीला इचारा, ती चुलीम्होरं ऐकत हुती."

"बायकोची साक्ष," डॉक्टर हळूच म्हणाले. दोघे-तिघे हसले.

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही तांत्रिक माणूस. त्या दिवशी लाइन चालू होती?"

उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. त्याचा खरेपणा मी त्या क्षणी तपासूनसुद्धा पाहिला.

"हिरवा दिवा चालू होता," मी म्हणालो.

अध्यक्षांनी फोन पुढे सरकवला. मग दाजी म्हणाले, "व्हय. दिवा तर चालूच हुता," आणि फोन बंद झाला.

ठरलं असं की आंदर मावळातली पेटी दाजींकडून काढायची आणि मंडळाच्या एका सभासदाच्या फार्महाऊसवर बसवायची. फार्महाऊसवर पोहण्याचा तलाव आहे. पाण्याची जाणीव असलेला माणूस, असं कुणीतरी म्हणालं. पेटी काढून आणायचं काम अर्थातच माझ्याकडे.

गावात बातमी माझ्याआधी पोहोचली होती. डेअरीच्या कट्ट्यावर बसलेले आबा मला म्हणाले, "काय पाव्हणं, डबा न्यायला आलाव? न्या, न्या. आमच्या बोलक्याला नेमकी त्याच दिशी झोप लागली म्हनं." बाकीचे हसले. ह्याच माणसांनी दोर ओढला होता. पण लोणावळ्याच्या शहाण्या माणसांनी मशीन बघून सांगितलं म्हटल्यावर त्यांनाही वाटायला लागलं होतं की दाजींनी ह्या वेळी ओरडल्याचीच भर घातली असावी.

घरात पेटी काढायच्या आधीच पुसून ठेवलेली होती. वायरी मात्र लावलेल्या, दिवा हिरवा. दाजी ओट्यावर बसले होते. मी गेल्यापासून एक अक्षर बोलले नाहीत. त्या घरात मला शांतता माहीतच नव्हती. बहिणीने पोह्यांची ताटली पुढे ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिली.

मी स्क्रू ड्रायव्हर काढला. तेव्हा दाजी म्हणाले, "मेव्हणं, घिऊन जावा. माजी ना न्हाई. पर तुमी मशीनवालं हाय, एवढं सांगा. मी त्या दिशी बोललो का न्हाई? मला सोताला आता कळंना झालंय. लोकं म्हनत्यात तर मीच म्हनतो, आपुन मनातल्या मनात तर बोललो न्हाई?"

मी आयुष्यात बऱ्याच ठिकाणी गप्प बसून सुटलो आहे. इथेही सुटलो असतो. 'मशीनचं काही सांगता येत नाही, दाजी' एवढं म्हणायचं होतं. पण माणूस स्वतःच्या घशावर संशय घेत होता.

"बोललात," मी म्हणालो. "मी अडवलं."

मग सगळं सांगितलं. नियम कधी लिहिला, कुठल्या दिवसांसाठी, का. दिवा कसा चालू ठेवला. बैठकीत काय म्हणालो आणि ते म्हणताना मला काय माहीत होतं. माझ्या मानाने हे फार लांब भाषण झालं. मध्येच पोह्यांवर माशी बसली, ती बहिणीने हाकलली नाही.

पहिल्यांदा तीच बोलली. "दादा, मला सांगायचं न्हाई का? मी गप केलं असतं की त्यांला. रोजच करती. 'बास करा आता' म्हनलं की बसत्यात."

हे मला सुचलंच नव्हतं. मशीनची सगळी दारं, सगळे नियम, आत येणारं, बाहेर जाणारं, सगळ्याचा विचार केला होता. बहिणीला फोन करायचा, एवढं सोडून.

दाजी पेटीकडे बघत होते. "म्हंजी मी शनवारी-रविवारी बोलत हुतो, ते कुनाशी?"

"कुणाशीच नाही, दाजी."

"पावसाळाभर?"

"हो."

"आन् म्हस व्याली, पारडी झाली म्हून सांगिटलं, तवा?"

मी आठवून पाहिलं. "तो शनिवार होता."

"तरीच," दाजी म्हणाले. "मला वाटलं, एवढी चांगली बातमी, कोन तरी काय तरी म्हनंल." बसचं त्यांनी काहीच विचारलं नाही. त्यांना पारडीचंच लागलं होतं.

जरा वेळाने ते उठले, सेट उचलून माझ्या हातात दिला. "सांजच्याला त्यांची हजेरी असती. समदी असत्यात. आज काय शनवार न्हाई, तुमची बाई आत घील. हितनंच सांगा. मला सांगून उपेग न्हाई, मला म्हाईत हुतं."

हजेरी सुरू झाली. स्टेशन एक, सामान्य. स्टेशन दोन, सामान्य. आंदर मावळाचं नाव अध्यक्षांनी घेतलंच नाही. मी बटण दाबलं आणि मध्येच घुसलो. नातं सांगितलं, नियम सांगितला, दिव्याचं सांगितलं. त्या रविवारी दाजींनी सकाळपासून फरशी बुडाल्याचं कळवलं होतं आणि ते मी कुणापर्यंत पोहोचू दिलं नाही, हे सांगितलं. 'थोडं ट्युनिंग' हे शब्दही सांगितले आणि ते कुणाला सांगितले होते तेही. बटण सोडलं.

चॅनलवर खरखर. मग अध्यक्षांचा आवाज आला, एकदम व्यवस्थित.

"आंदर मावळ, आपला आवाज स्वच्छ येतोय. असे विषय चॅनलवर नकोत. समक्ष बोलू. ओव्हर."

डॉक्टर सेटवर आले आणि म्हणाले, त्यांच्याकडेही आवाज स्वच्छ आहे. तिसऱ्या कुणीतरी सांगितलं, मध्ये थोडा कट झाला. बोललं काय गेलं ह्याबद्दल कुणाचं काहीच म्हणणं नव्हतं. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात हॉटेलच्या रिसेप्शनच्या सेटवरून एक आवाज आला. पदवी नाही, स्टेशन नंबर नाही. प्लॅस्टरवाला ड्रायव्हर होता.

"दाजी, मी बोलतोय, बसवाला. बैठकीत तुम्हाला वाकडं बोललो. त्याआधी दवाखान्यात तर आईवरून शिव्या दिल्या होत्या. चुकलं माझं. आणि ती तुमची गाभण म्हैस व्याली का, तेवढं सांगा. ओव्हर."

बहीण दारात हसली, मग पदर तोंडाला लावून आत गेली. डेअरीवरचे लोक कधी ओट्यापाशी येऊन उभे राहिले होते ते मला कळलं नाही. आबा पुढे होते. दाजींनी माझ्या हातातून सेट घेतला. मला वाटलं, आता अर्धा तास सुटका नाही.

"व्याली," ते म्हणाले. "पारडी हाय." आणि थांबले. "ऐकू आलं का? ओव्हर."

त्या हॉटेलचं काम माझ्या हातून गेलं. समक्ष बोलायला अध्यक्षांना अजून वेळ मिळालेला नाही. पण मंडळातल्या बाकीच्यांना आता दाजींची पेटी काढायचा ठराव कुणी मांडावा हे ठरवता येईना, तेव्हा ती आहे तिथेच राहिली. लोणावळ्याकडची पेटी डॉक्टरांच्या बंगल्यावर हलवली. तिथला राउटर, फायरवॉल सगळं मी दाजींना शेजारी बसवून केलं. एकेक नियम मोठ्याने वाचून दाखवला. ते प्रत्येकावर म्हणायचे, "ह्यो कुनाला गप करतो?"

ते माझ्याशी बोलतात. ताटात आधी त्यांना वाढतात, मग मला, तसंच चालू आहे. पण त्यांची एक खोड आता कायमची झाली आहे. सेटवर काही सांगायचं असलं की ते थेट सांगत नाहीत. आधी विचारतात, ऐकू येतंय का. कुणी हो म्हटल्यावर अर्धं वाक्य बोलतात, आणि पुन्हा विचारतात. बहीण सांगते, घरातसुद्धा असंच. ताटावर बसले की भाजीला मीठ कमी आहे हे सांगायच्या आधी म्हणतात, ऐकू येतंय न्हवं? गावातलं सगळ्यात लांब बोलणारं माणूस आता तुकड्या-तुकड्यात बोलतं.

मीही एक सेट घेतला आहे. तळेगावच्या घरातून इंटरनेटवरून त्याच चॅनलला जोडलेला. पावसाळ्यातल्या शनिवारी-रविवारी तो उशाशी असतो. दाजींचा आवाज येतो, "फरशीवर पानी... ऐकू येतंय का, मेव्हणं?" मी हातातलं टाकून बटण दाबतो आणि म्हणतो, येतंय, दाजी, बोला. ते पुढचे दोन शब्द बोलतात, आणि परत विचारतात.